‘पेंटियम’ हे नाव बंद झाले असेल, तर शाळेच्या संगणकांसाठीच्या ठरावात काय लिहावे?

खाडीपलीकडे (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षासाठी मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने निधी जमवला असून त्यातून दहा संगणक घेण्याचे ठरले आहे. मंडळाच्या सभेत जो ठराव संमत झाला, त्यात ‘इंटेल पेंटियम किंवा त्याहून वरचा प्रोसेसर’ असे शब्द आहेत. चिपळूणच्या एका दुकानदाराकडून दरपत्रक मागवले, तेव्हा त्याने दोन पर्याय पाठवले. पहिला पर्याय पेंटियम गोल्ड जी७४०० हा प्रोसेसर असलेल्या, नेहमीच्या मोठ्या कॅबिनेटमधील संगणकाचा आहे आणि तो शिल्लक मालातला असल्याचे त्याने आपणहून सांगितले. दुसरा पर्याय तळहातावर मावेल अशा मिनी पीसीचा आहे. त्याच्या कागदावर प्रोसेसरच्या रकान्यात केवळ ‘इंटेल प्रोसेसर एन१००’ एवढेच लिहिले आहे. पेंटियम हे नाव कंपनीनेच बंद केले असून यापुढे नव्या मालावर ते दिसणार नाही, असे दुकानदाराचे म्हणणे आहे.

मंडळातील ज्येष्ठांना हे पटलेले नाही. ज्या प्रोसेसरला धड नाव नाही, तो हलक्या प्रतीचा असणार आणि दुकानदार आपल्याला गावचे समजून काहीतरी गळ्यात मारत आहे, असा त्यांचा समज झाला आहे. उलट आमच्या शाळेतील सरांना शंका अशी आहे की, जे नाव कंपनीने मोडीत काढले, त्या नावाचा संगणक आता घेतला तर दोन वर्षांनी त्याला कोणी वाली उरणार नाही. दुकानदार खरे सांगतो आहे का, नाव बंद होण्याचा वापरणाऱ्यावर काही परिणाम होतो का आणि या दोहोंपैकी शाळेसाठी काय घ्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. पैसे वर्गणीचे आहेत, त्यामुळे पुढच्या सभेत उत्तर द्यावे लागणार आहे.

जांभा (रत्नागिरी)

दुकानदार खरे सांगतो आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंटेलने जाहीर केले की, २०२३ च्या पहिल्या तिमाहीपासून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये पेंटियम आणि सेलेरॉन (इंटेलचे त्याहून स्वस्त मालाचे नाव) ही दोन्ही नावे वापरली जाणार नाहीत व त्या दोहोंच्या जागी नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ असे नाव येईल. पुढे २०२४ च्या आरंभी डेस्कटॉपसाठीही ‘इंटेल प्रोसेसर ३००’ हा प्रोसेसर आला, जो पूर्वीच्या पद्धतीने पेंटियम गोल्ड म्हणूनच विकला गेला असता. बंद झाले ते नाव. त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्रोसेसरांची परंपरा पुढे चालूच आहे आणि तुमच्या दरपत्रकातला एन१०० हा त्याच परंपरेतला आहे.

सरांच्या शंकेचे उत्तर त्याहून सोपे आहे. विंडोज किंवा लिनक्स ही प्रणाली प्रोसेसरच्या डब्यावरचे नाव वाचत नाही, ती आतील रचना ओळखते. जी७४०० हा इंटेलच्या बाराव्या पिढीतला, जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आलेला प्रोसेसर आहे. त्याच पिढीतील आय३ आणि आय५ या इंटेलच्या वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरांना जे सॉफ्टवेअर चालते, ते यालाही चालते, कारण त्याचे कोअर (प्रोसेसरमधील प्रत्यक्ष काम करणारे भाग) त्यांच्याच जातीचे आहेत. विंडोज ११ दोन्ही पर्यायांवर अधिकृतपणे चालते. हमीचे दिवसही बिलाच्या तारखेपासून मोजले जातात, नाव केव्हा बंद झाले यावरून नव्हे.

आता ज्येष्ठांच्या समजाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मूळ घोळ तिथे आहे. पेंटियम या नावावरून प्रत ठरवता येईल, असे दिवस केव्हाच मागे पडले होते. एकट्या २०२२ या वर्षी बाजारात जे पेंटियम उपलब्ध होते त्यांतले तीनच पाहा. पेंटियम सिल्व्हर एन६००० यात चार छोटे, कमी वीज खाणारे कोअर होते आणि त्याची औष्णिक मर्यादा (किती उष्णता बाहेर काढण्याची सोय लागते तो आकडा) ६ वॅट होती. पेंटियम गोल्ड ८५०५ हा लॅपटॉपचा प्रोसेसर होता, त्यात एक मोठा आणि चार छोटे कोअर असून मर्यादा १५ वॅट होती. पेंटियम गोल्ड जी७४०० यात दोन मोठे कोअर, चार थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे), ३.७ गिगाहर्ट्झ वेग आणि ४६ वॅट अशी मांडणी आहे. या तिघांत डब्यावरच्या नावाखेरीज फारच थोडे समान आहे. तुमच्या ठरावातील ‘पेंटियम किंवा त्याहून वरचा’ या शब्दांत हे तिन्ही बसले असते आणि दुकानदाराने त्यांतला सर्वांत हळू दिला असता, तरी त्याला दोष देता आला नसता.

एन१०० मध्ये चार छोटे कोअर आहेत, वेग ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि मर्यादा ६ वॅट आहे. म्हणजे तो एन६००० या जुन्या पेंटियम सिल्व्हरचा थेट वारसदार आहे व त्याच्यापेक्षा चांगलाच वेगवान आहे. एका वेळी एकच जड काम करायचे असेल, तर जी७४०० चे दोन मोठे कोअर पुढे राहतात. लेखन, स्प्रेडशीट, पायथनचे धडे आणि ब्राउझर अशा शाळेच्या कामात विद्यार्थ्यांना फरक जाणवेल, असे मला वाटत नाही.

पडाव (हर्णे)

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. एन१०० हा प्रोसेसर बोर्डावर कायमचा बसवलेला असतो, तो पुढे बदलता येत नाही, आणि मेमरीची जागाही बहुधा एकच असते. जी७४०० ज्या सॉकेटवर (बोर्डावरील प्रोसेसरच्या जागेवर) बसतो त्यावर, बायोस (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यास, तेराव्या व चौदाव्या पिढीचे आय३ किंवा आय५ देखील बसू शकतात. वर्गणी वरचेवर जमत नाही, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट लहान नव्हे.

जुना कळफलक (दापोली)

तांत्रिक बाजू जांभा यांनी नीट मांडली आहे, तरी मंडळातील ज्येष्ठांची बाजू कोणी घेतली नाही म्हणून लिहितो. त्यांचा हट्ट अडाणीपणाचा नाही. त्यांनी ज्या काळात संगणक पाहिला, त्या काळात या नावाला खरोखरच अर्थ होता.

इंटेलचे पूर्वीचे प्रोसेसर २८६, ३८६, ४८६ अशा आकड्यांनी ओळखले जात. एएमडीसारख्या प्रतिस्पर्ध्यांनीही आपल्या प्रोसेसरांवर तेच आकडे घालायला सुरुवात केली, आणि १९९१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने ‘३८६’ या आकड्यावर व्यापारचिन्ह म्हणून एकट्या इंटेलला हक्क सांगता येणार नाही, असा निर्णय दिला. म्हणून २२ मार्च १९९३ रोजी जो पाचव्या पिढीचा प्रोसेसर आला, त्याला ५८६ न म्हणता पेंटियम हे घडवलेले नाव देण्यात आले. पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ वेगाचा होता, त्यात सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर होते आणि एका आवर्तनात दोन सूचना पार पाडण्याची सोय इंटेलच्या या घराण्यात प्रथमच आली होती. त्या प्रकल्पाच्या नेतृत्वात ज्यांचे नाव घेतले जाते ते विनोद धाम जन्माने पुण्याचे, ही गोष्ट आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी तेव्हापासून आजवर अनेकदा छापली आहे आणि त्यात काही वावगे नाही.

त्या नावाचे वजन किती होते, हे १९९४ च्या प्रकरणावरून समजते. अमेरिकेतील थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना भागाकाराच्या उत्तरांत चूक आढळली. प्रोसेसरच्या आतील कोष्टकातील काही नोंदी राहून गेल्या होत्या आणि त्यामुळे क्वचित काही संख्यांचा भागाकार चुकत होता. सामान्य माणसाला ही चूक आयुष्यात कधी भेटली नसती, अशी कंपनीची आरंभीची भूमिका होती. परंतु लोक ऐकेनात आणि डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर करावे लागले. त्यापोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा भार हिशेबात दाखवला. नुसत्या आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या प्रोसेसरबद्दल घराघरांत एवढी चर्चा झाली असती का, याची मला शंका आहे.

मग पेंटियम २, पेंटियम ३, पेंटियम ४ अशी चढती भाजणी आली. आमच्या डीटीपीच्या धंद्यात लग्नपत्रिका आणि दशावताराची हँडबिले करताना गिऱ्हाईक विचारी, ‘मशीन पेंटियम आहे ना?’ एमएस-सीआयटीच्या सुरुवातीच्या वर्षांत तालुक्याच्या गावी जी केंद्रे निघाली, त्यांच्या फलकावरही ‘पेंटियम ४’ हे शब्द ठळक असत. १९९८ मध्ये सेलेरॉन हे नाव स्वस्त मालासाठी आले. पहिल्या सेलेरॉनला दुसऱ्या पातळीची कॅशे (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) नव्हती, त्यामुळे तो फारच मंद निघाला, आणि त्याच वर्षी आलेल्या ३००ए मध्ये कॅशे देऊन कंपनीने बाजू सावरली. तेव्हा दुकानात पायरी स्पष्ट होती: पैसे असतील तर पेंटियम, नसतील तर सेलेरॉन.

ही पायरी मोडली ती पेंटियम ४ च्या अखेरीला. केवळ मेगाहर्ट्झ वाढवत नेण्याच्या नादात २००४ मधील प्रेस्कॉट नावाची आवृत्ती इतकी तापू लागली की, त्या वाटेने पुढे जाणे अशक्य झाले आणि त्याच वर्षी तिचा पुढचा नियोजित प्रोसेसर रद्द करण्यात आला. लॅपटॉपसाठी वेगळ्या विचाराने बनवलेला पेंटियम एम २००३ मध्येच आला होता आणि त्याच धाग्यातून २००६ मध्ये ‘कोअर’ हे नवे व्यापारी नाव (आजचे आय३, आय५ ज्या मालिकेत मोडतात ते) उदयाला आले. म्हणजे पेंटियम खऱ्या अर्थाने निवृत्त झाला तो २००६ साली. त्यानंतर २००७ पासून ते नाव ‘कोअर’ मालिकेच्या खालच्या, स्वस्त मालावर चिकटवले गेले आणि पंधरा वर्षे तसेच रखडले. २०२२ च्या घोषणेला लोक निवृत्ती म्हणतात, मला ती आवराआवर वाटते.

तरीही कंपनीने जे केले ते मला योग्य वाटत नाही. पेंटियम आणि सेलेरॉन या दोन पायऱ्या पुसून एकच ‘इंटेल प्रोसेसर’ हे नाव देण्यात गिऱ्हाइकाची कोणती सोय झाली? पूर्वी निदान सेलेरॉन म्हटले की सावध होता येत असे.

जांभा (रत्नागिरी)

जुना कळफलक यांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो आणखी पुढे नेता येतो. आज ‘इंटेल प्रोसेसर ३००’ हा डेस्कटॉपचा दोन मोठ्या कोअरचा प्रोसेसर आहे, ‘इंटेल प्रोसेसर यू३००’ हा लॅपटॉपचा एक मोठा आणि चार छोट्या कोअरचा आहे, आणि ‘इंटेल प्रोसेसर एन५०’ हा केवळ दोन छोट्या कोअरचा आहे. पहिल्या दोहोंत फक्त एका अक्षराचा फरक आहे, आणि दरपत्रक टंकताना ते अक्षर गळले तर वाचणाऱ्याला पत्ता लागणार नाही. आंब्याच्या पेटीवर ‘आंबा’ एवढेच छापावे, तसा हा प्रकार झाला आहे. हापूस की पायरी हे कळण्यासाठी पेटी उघडावी लागते. म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक अक्षरासकट बिलावर लिहून घ्या आणि संगणक आल्यावर प्रत्येक यंत्राच्या ‘सिस्टिम’ या पानावर तोच क्रमांक दिसतो का, हे पाहून मगच पैसे चुकते करा.

याच्या उलट टोकाचा एक धोकाही आहे. पेंटियम नको म्हटल्यावर काही दुकानदार त्याच किमतीत ‘आय५’ देऊ करतात. तो बहुधा मोठ्या शहरातील कार्यालयांतून निघालेला, झाडूनपुसून विकायला ठेवलेला तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा संगणक असतो. नाव भारी असले, तरी विंडोज ११ साठी इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. लिनक्स घालणार असाल तर तो संगणक वाईट नाही, पण मग तसे ठरवून घ्यावा.

सुरंगी (मालवण)

मी शाळेत संगणक शिकवते. वरील चर्चेत प्रोसेसरच्या नावावर पुष्कळ लिहिले गेले, परंतु आपल्या किनाऱ्यावर संगणक जातो तो प्रोसेसरमुळे नव्हे, तर हवेमुळे आणि विजेमुळे. खारी, दमट हवा पंख्यातून आत ओढली जाते, मिठाचा आणि धुळीचा थर बोर्डावर बसतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस अर्धी यंत्रे सुरूच होत नाहीत. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी काठ खोडरबराने पुसून ती पुन्हा बसवली की, बरीचशी जिवंत होतात, हे इथल्या प्रत्येक संगणक शिक्षकाला ठाऊक असेल.

या दृष्टीने ४६ वॅट आणि ६ वॅट हा फरक मला कोअरच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा वाटतो. हे आकडे म्हणजे मीटरवर दिसणारा खप नव्हे. सगळा संगणक मिळून जास्तच वीज घेतो आणि काही मिनी पीसी बनवणारे एन१०० ला ६ वॅटपेक्षा अधिक मोकळीकही देतात. तरी उष्णता कमी म्हणजे पंखा लहान किंवा मुळीच नाही, आणि पंखा नाही म्हणजे खारी हवा खेचली जात नाही. एन१०० चे पंखाविरहित मिनी पीसी मिळतात. तुमच्या दुकानदाराचा तसा आहे का, हे जरूर विचारा. शिवाय दहा मिनी पीसी आणि त्यांचे एलईडी पडदे मिळून जो भार होतो, तो एका बऱ्या इन्व्हर्टरवर तासिकाभर सहज निघतो. तासाच्या मध्येच लाईट गेली की मुलांचे काम वाया जाते, हे आपल्याकडे जून ते सप्टेंबर रोजचे आहे.

पडाव यांचा बदलता येण्याचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे. परंतु शाळेच्या कक्षात दहाही संगणकांचे प्रोसेसर काढून नवे बसवले गेल्याचे मी तरी पाहिलेले नाही. मेमरी वाढवणे आणि एसएसडी (माहिती साठवणारा भाग) बदलणे हे मात्र होते, म्हणून मेमरी बोर्डावर चिकटवलेली नसून काढता येणारी आहे, याची खात्री करून घ्या.

एक सूचना मंडळासाठी. नव्या यंत्रांवरचे पैसे थोडे वाचत असतील, तर ते अर्थिंग नीट करून घेण्यासाठी आणि बाकी दर्जेदार यूपीएससाठी राखून ठेवावेत. जांभ्याच्या कोरड्या कातळावर अर्थिंगचा खड्डा नावापुरता खणलेला असतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याचा उपयोग शून्य होतो.

खाडीपलीकडे (गुहागर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. सुरंगीताई, आमची शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे आपण लिहिलेले तंतोतंत लागू पडते. दुकानदाराला विचारले असता मिनी पीसीला छोटा पंखा आहे, पण बिनपंख्याचा प्रकार मागवून देता येईल आणि त्याची किंमत थोडी वाढेल, असे त्याने सांगितले. मेमरी काढता येणारी आहे.

आता अडचण ठरावाची उरते. ‘पेंटियम किंवा त्याहून वरचा’ हे शब्द बदलल्याशिवाय खजिनदार धनादेशावर सही करणार नाहीत, आणि सुधारित ठरावात पुन्हा एखादे नावच घातले तर चार वर्षांनी तोच प्रश्न उभा राहील. शब्दरचना कशी असावी, हे कोणी सुचवले तर उपकार होतील.

चाकरमानी (डोंबिवली, मूळ गाव राजापूर)

मी आमच्या मंडळाचा कार्यवाह असल्यामुळे या प्रकारच्या ठरावांशी संबंध येतो. नावाऐवजी अटी लिहाव्यात, हे उत्तम. आमच्याकडे ज्या धर्तीवर लिहिले तो मसुदा तुमच्या गरजेप्रमाणे बदलून देत आहे:

‘शाळेच्या संगणक कक्षासाठी दहा नवीन, न वापरलेले संगणक खरेदी करण्यात यावेत. प्रोसेसर किमान चार कोअरचा, २०२३ किंवा त्यानंतर बाजारात आलेला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीतील असावा. मेमरी किमान ८ जीबी व बदलता येण्याजोगी असावी. साठवण किमान २५६ जीबी एसएसडी स्वरूपाची असावी. यंत्र शक्यतो पंखाविरहित असावे. प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक दरपत्रकात व बिलात नमूद असावा. किमान तीन वर्षांची हमी लेखी मिळावी व दुरुस्ती शाळेत येऊन करून देण्याची अट विक्रेत्यास मान्य असावी.’

यात कोणत्याही कंपनीचे नाव नसल्याने एएमडीचा प्रोसेसर असलेले दरपत्रकही घेता येईल आणि तुलनेला तिसरा कागद मिळेल. चार कोअरची अट घातल्याने जी७४०० आपोआप बाद होतो, हे लक्षात असू द्या. तो पर्याय खुला ठेवायचा असल्यास त्या जागी ‘किमान चार थ्रेड’ असे लिहावे लागेल आणि २०२३ हे वर्षही २०२२ करावे लागेल. माझे मत विचाराल तर खुला ठेवू नये, कारण शिल्लक मालाला तीन वर्षांची लेखी हमी देण्यास दुकानदार क्वचितच तयार होतात.

ज्येष्ठांना समजावताना ‘नाव गेले’ असे सांगू नका, त्याने सभेत विषय भरकटतो. एन६००० आणि एन१०० या दोन प्रोसेसरांची तुलना एका कागदावर छापून न्या, वरच्या बाजूला पहिल्याचे ‘पेंटियम सिल्व्हर’ हे पूर्ण नाव ठळक लिहा, आणि दोहोंच्या वेगाचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. आमच्या सभेत एवढ्याने काम झाले आणि पुढची पंधरा मिनिटे चर्चा झाली ती पडदे किती इंचाचे असावेत यावर.